बायची संमती

“नाही करणार मी सही! दहादा सांगितलं बेला, तो कागद माझ्यासमोरून उचल!”

शब्द तोंडातून गेले आणि लूर्डसला स्वतःचंच नवल वाटलं... वीस वर्षांत या धाकट्या बहिणीला तिनं कशालाही नाही म्हटलं नव्हतं! वसईजवळच्या गिरीज गावातल्या त्या घरात टीव्ही नुकताच बंद झाला होता, बेलानं काढलेली वीस मिनिटांची फिल्म संपली होती, आणि कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत त्यांचे वडील, सत्तरीचे आलोशियस, मान खाली घालून बसले होते.

ते २००४ साल. बेला इंग्लंडच्या एका विद्यापीठात जागतिक विकास आणि त्याच्या जोडीनं माध्यमं व संवाद हे विषय शिकत होती. बेला एवढं काय शिकते असं वाडीत कुणी विचारलं, की लूर्डसचा ऊर भरून येई. “जगातली गरिबी कशी हटवायची ते शिकते, आणि ते लोकांना कसं सांगायचं तेही!” त्यावर शेजारची कार्मिन म्हणे, “मग आधी आमच्या नळाला पाणी येऊ दे म्हणावं! ते मी सगळ्यांना फुकट सांगीन!”

शेवटच्या परीक्षेसाठी बेलाला आपल्या गावातल्या एका बाईवर फिल्म करायची होती. तिनं थोरल्या बहिणीलाच, आपल्या बायलाच निवडलं. जिच्यावर फिल्म, तिनं ती पाहून संमतिपत्रावर सही केल्याशिवाय विद्यापीठ ती स्वीकारत नव्हतं, आणि रविवारी बेलाचं विमान होतं.

फिल्म इंग्रजीत होती. बेलानं वाक्यावाक्याचा अर्थ सांगितला होता. पडद्यावर लूर्डस राजेळी केळी सोलत होती, सुकेळ्यांसाठी मांडवावर उन्हात पसरत होती, आणि वरून बेलाचा आवाज येत होता... ‘ही कॉलेजात हुशार होती. आई वारली आणि वडिलांनी केळीच्या वाडीसाठी, धाकट्या मुलीसाठी हिला शिक्षण सोडायला लावलं. हिला कुणी विचारलंच नाही.’ मग लूर्डसचा चेहरा अगदी जवळून. शिक्षण सुटल्याचं दुःख होतं का, असा प्रश्न. उत्तर नाही. नुसती खाली गेलेली नजर.

“तुझ्यासाठीच केलं ना हे, बाय!” बेला म्हणाली. “तुझ्यावरचा अन्याय जगाला कळावा म्हणून!”

“मला बिचारी केलंस, म्हणजे तुला पदवी मिळणार का गं?”

“बाय!”

“कर सही, लूर्डस,” आलोशियस हळूच म्हणाले. “पोरीचं वर्ष जाईल. माझं काय राहिलंय आता!”

“पप्पा, तुम्ही गप्प बसा!” असं म्हणून ती तरातरा मागच्या अंगणात गेली.

मांडवावरची केळी उलटायची होती. एक ओळ उलटली, पुन्हा तीच उलटली. विहिरीपर्यंत गेली, पाणी न काढताच परत आली... त्या प्रश्नाच्या वेळी ती गप्प बसली, कारण कॅमेऱ्याच्या मागे, उंबऱ्यावर पप्पा बसले होते! ते मौन दुःखाचं नव्हतं, ते झाकण होतं. आणि या वेड्या पोरीनं त्याच झाकणावर एका निष्पाप माणसाच्या नावे पाप लिहिलं!

आई जाऊन महिना झाला, चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा झाली, त्या संध्याकाळी पप्पांनी चार वर्षांच्या बेलाचे फ्रॉक लहानशा ट्रंकेत भरले होते. मठातल्या सिस्टर दुसऱ्या दिवशी तिला अनाथाश्रमात न्यायला येणार होत्या. “तू शीक, लूर्डस,” पप्पा ढसाढसा रडत म्हणाले होते, “तुझ्या आईची इच्छा होती. एकट्यानं मी वाडी बघू की हिला?” एकोणीस वर्षांची लूर्डस उठली. तिनं ट्रंक उघडली, एकेक फ्रॉक पुन्हा दोरीवर टाकला आणि सोमवारी कॉलेजला गेली नाही. त्यानंतर कधीच गेली नाही. हे बेलाला कधी कळू द्यायचं नाही, अशी आण तिनंच पप्पांना घातली होती.

आता खरं सांगावं, तर तुला घरातून पाठवणार होते असं त्या लेकरानं ऐकायचं... आणि सही करावी, तर पप्पांनी जगापुढे जुलमी ठरायचं! कुणाला वाचवावं? देवा, कुणाला?

ती आत आली. डोळे पुसून तिनं पेन उचललं. बेलानं कागद पुढे सरकवला.

“थांब!” आलोशियस खुर्चीचे हात धरून उभे राहिले. “बेला, मला वाईट म्हण, माझी ना नाही. पण हिला कुणी विचारलं नाही, असं जगाला सांगू नकोस. विचारलं होतं मी! ‘तू शीक’ म्हणून हात जोडले होते हिच्यापुढे!”

“पप्पा, नको ना...”

“बोलू दे गं आता. मी तुला सिस्टरांकडे देणार होतो, बेला. तुझी ट्रंक भरली होती. हिनं ती रिकामी केली.”

बेलाचा चेहरा पांढराफटक पडला. “मला... देणार होता?”

“हो बाळा. मीच.”

मग बेला वडिलांच्या पायाशी बसली, आणि त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकून हुंदके देत राहिली. ते तिच्या केसांवरून हात फिरवत एकच म्हणत होते, “चुकलो गं... त्या वेळी दुसरं सुचलंच नाही...”

“चुकले मी, पप्पा,” ती कशीबशी म्हणाली. “तीन दिवस बायला प्रश्न विचारले. काय वाटलं विचारलं, काय गमावलं विचारलं. का सोडलंस, एवढंच विचारलं नाही. ते मला माहीत आहे असंच धरून चालले!”

तिनं टेबलावरचा कागद फाडला.

“अगं, हे काय! रविवारी तुझं विमान...”

“आज शुक्रवारच आहे, बाय. बसशील परत? पप्पा, तुम्हीही या. या बाजूला, उजेडात.”

लूर्डसनं पदरानं तोंड पुसलं, वडिलांना हाताला धरून खिडकीशी आणलं आणि आपण शेजारी बसली. कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लागला.

“बाय, तू शिक्षण का सोडलंस?”

लूर्डसनं एकवार पप्पांकडे पाहिलं, मग नजर वर उचलून सरळ त्या काचेत पाहिलं.

“पोर चार वर्षांची होती,” ती म्हणाली, “आणि ती मला हवी होती.”

बेलानं एका हातानं डोळे पुसले... पण कॅमेरा बंद केला नाही.