गोडकान

"नदीबाई नदीबाई, तुझं पाणी कुनी नेलं?"

हा आवाज जाईच्या कानात सोळा वर्षं मुक्कामाला होता. चैत्रातली दुपार, कोरडं नदीपात्र, वाळूत पसरलेले कलिंगडाचे वेल आणि त्या वेलांमधून लाल चोळीतल्या बकुळेनं काठाकडे भिरकावलेली अर्धी ओवी. दोघी बहिणींचा तो खेळच होता. एकीनं सवाल टाकायचा, दुसरीनं त्याच चालीत जबाब द्यायचा, आणि जबाब सुचेपर्यंत भाकरीला हात लावायचा नाही. जाई काठावर भाकरीचं फडकं सोडत जबाब जुळवत होती. तो जुळायच्या आत पाणी आलं. वरच्या बंधाऱ्याचे दरवाजे उघडले होते आणि भोंगा वाजला नव्हता. वाळूतली सात माणसं गेली. चौकशीच्या कागदात त्यावर दोनच शब्द आले: भोंगा नादुरुस्त.

जबाब जाईला तेराव्या दिवशी सुचला. तिनं तो कुणालाच ऐकवला नाही. तो ज्याच्यासाठी होता, त्या माणसाचं नाव तिला ठाऊक होतं.

त्या सात जीवांवरून आणि पाण्यावरून पुढं दोन वर्षं गाव पेटत राहिलं. मग मधला पूल बंद झाला आणि एका गावाची दोन गावं झाली, वरकाठ आणि खालकाठ. पूल उघडायचा तो वर्षातून एकदा, संक्रांतीला. त्या दिवशी पुलावरच्या सभागृहात खालकाठच्या एकेकाची वरकाठच्या एकेकाशी गाठ घालून द्यायची, दोघांनी तिळगूळ द्यायचा, चार शब्द गोड बोलायचे आणि आपापल्या काठाला परतायचं. सोडतीत एकदाच, कायमच्या नेमून दिलेल्या या जोड्यांना लोक 'तीळसोयरे' म्हणत. गोड बोलणं कुणाला जमणार नव्हतं, म्हणून सरकारनं यंत्र करवून घेतलं. त्याचं कागदावरचं नाव श्रवणमार्जक. लोक त्याला गोडकान म्हणत. ते बनवणारी शास्त्रज्ञ होती डॉ. जाई वाघचौरे.

"म्हणजे हे बोलणाऱ्याच्या तोंडाला हात लावत नाही?" डॉ. नसीमा पटवेकरनं विचारलं. गोडकानाची नवी आवृत्ती तपासायला ती राजधानीतून प्रयोगशाळेत आली होती.

"तोंड ज्याचं त्याच्या ताब्यात. काम सगळं ऐकणाऱ्याच्या कानात." जाईनं वाटाण्याएवढं यंत्र तळहातावर घेतलं. "समोरचा बोलायला लागला की हे त्याचं वाक्य क्षणभर अडवून धरतं. सुरुवातीवरून शेवट ताडतं आणि वाक्य किती लागेल ते मोजतं. त्याला आम्ही बोचांक म्हणतो. बोचांक सातच्या वर गेला की वाक्य बाद. त्याच्या जागी, त्याच माणसाच्या आवाजात, थंडीचं, गुडघेदुखीचं, नाहीतर तिळाचं एखादं वाक्य."

"आणि बोलणाऱ्याला कळतच नाही, आपलं काय पोचलं ते?"

"कळलं तर तो शब्द बदलून पुन्हा बोलेल. कळत नाही, म्हणून तर दहा वर्षांत पुलावर एक दगड उचलला गेला नाही."

नसीमा हसली. "आमच्या सासूबाईंसाठी एक मिळेल का गं?"

"त्यांच्या कानात घालायचं की तुझ्या, ते आधी ठरव."

नसीमानं पडद्यावर एक यादी उघडली. "या शब्दांना मोजणीच नाही? आला शब्द की वाक्य बाद? पहिलाच शब्द 'भोंगा'."

"तो मी घातलाय," जाई म्हणाली. "तो कानावर पडला की माझ्या हातात काही राहत नाही."

नसीमानं वर पाहिलं, मग पडदा पुढं सरकवला. "आणि ही 'पारदर्शी' खूण कसली?"

"या वर्षीच आणली. चाचणीपुरती एका यंत्राची गाळणी बंद करता येते. यंत्र कानातच राहतं, बाहेरून काही दिसत नाही. त्या माणसाला मात्र सगळं जसंच्या तसं ऐकू येतं."

नसीमा जेवायला गेल्यावर जाईनं ती खूण एका क्रमांकापुढं केली. त्रिंबक ढमढेरे, वय अडुसष्ट, वरकाठ, बंधाऱ्याचे निवृत्त दरवाजेवाले. पहिल्याच सोडतीत हात घालून तिनं या माणसाला आपला तीळसोयरा करून घेतलं होतं. दहा संक्रांती त्याच्या हातचा तिळगूळ तिनं दाताखाली दगड चावावा तसा चावला होता, आणि दहा वेळा गोड हसून त्याला गुडघ्यांचं विचारलं होतं. बोलण्यात अर्थ नव्हता. तिचा जबाब त्याच्या कानात शिरताशिरता गूळ झाला असता. आता त्याचा कान उघडा पडणार होता. चार माणसांत, पळता येणार नाही अशा जागी, ती त्याला बकुळेचं नाव ऐकवणार होती आणि त्याचा चेहरा फाटताना बघणार होती.

संक्रांतीला सभागृह भरून गेलं. काळ्या चंद्रकळा, हलव्याचे दागिने घातलेली तान्ही बाळं आणि सगळीकडे तेच ते मऊ बोलणं.

"यंदा थंडी चांगली पडली बघा!"

"पडणारच हो, तुमच्याकडनंच येते ना वाऱ्याबरोबर!"

"असू द्या, पुढच्या वर्षी पोत्यात भरून पाठवू!"

बोलताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. दहा वर्षांत ही एक रीतच पडून गेली होती. ओठ एक सांगत आणि कानाला दुसरंच येई, ते बघवत नसे. म्हणून सगळे एकमेकांच्या हातांकडे, तिळगुळाच्या डब्याकडे बघून बोलत. तोंडाकडे बघणं म्हणजे दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावणं.

त्रिंबकराव आले. गेल्या वर्षीपेक्षाही खंगलेले. कोटाच्या बाह्या मनगटावरून खाली लोंबत होत्या. त्यांनी डबा पुढं केला. जाईनं डब्याकडे बघत, गोड आवाजात सुरुवात केली.

"काका, बकुळा वाघचौरे माझी थोरली बहीण. वाळूत लाल चोळी घालून उभी होती. तुम्ही दरवाजे उघडले आणि भोंगा वाजवला नाही. तुम्ही तिला मारलंत."

डबा खाली पडला. लाडू फरशीवर घरंगळत गेले. पोचलं! जाईच्या छातीत सोळा वर्षांचं काहीतरी फणा काढून उभं राहिलं.

मग त्रिंबकरावांचा आवाज आला, शांत, दर वर्षीसारखाच.

"यंदा तीळ जरा करपलेत हो, ताई."

जाईच्या डोक्यात तिडीक गेली. सगळं ऐकून हा माणूस तिळाचं बोलतो? "सात माणसं होती! कळतंय का तुम्हाला?"

"गुडघे काही ऐकत नाहीत हल्ली. थंडीच जास्त."

हात उचलावा म्हणून तिनं मान वर केली आणि रीत मोडून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओठ घट्ट मिटून पुन्हा पुन्हा उघडत होते. आयुष्यभर ध्वनी शिकलेल्या त्या बाईला एका नजरेत कळलं. 'तीळ' म्हणताना ओठ मिटत नाहीत. 'थंडी' म्हणतानाही नाहीत. 'भोंगा' म्हणताना मिटतात.

गाळणी तिनं त्यांच्या कानातली काढली होती. स्वतःच्या नाही.

तिनं गोडकान उपटून काढलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच त्रिंबकरावांचा खरा आवाज तिच्यापर्यंत आला. घोगरा, फाटका.

"...बिघडला नव्हता, पोरी. भोंगा धडधाकट होता. वरून साहेबाचा फोन आला, खालचे पाणी पाणी करतायत ना, घेऊ देत पोटभर. भोंगा नको म्हणाले. माझा हात बटनावर होता. लाल चोळी दिसत होती मला. तरी दाबलं नाही. अकराव्यांदा सांगतोय तुला."

"अकराव्यांदा?"

"दर साली हेच सांगायला येतो. यादीत आडनाव वाचलं तुझं, तेव्हापासनं. सांगितलं की तू हसायचीस." त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. "म्हणायचीस, असू द्या काका, होतं असं कधीकधी. पुढच्या वर्षी नीट होईल."

जाईला आपलेच शब्द आठवले. करपलेल्या तिळांना ती तेच म्हणायची.

"यंत्र तूच केलेलं, तुला तरी खरं ऐकू येत असणार, असं धरून चाललो. पहिल्या साली वाटलं, माफी दिली. दुसऱ्या साली घाबरलो. बहिणीचा जीव घेतला सांगतो आणि ही बया म्हणते, होतं असं! घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचो. अन्न गोड लागेना, झोप गेली. थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं. आज पहिल्यांदा बोललीस. बोल अजून. शिवी दे, पण बोल."

जाई त्या खंगलेल्या माणसाकडे बघत राहिली. जो सूड ती आज घ्यायला आली होती, तो दहा वर्षं तिच्याच हातून घेतला जात होता. भोंगा हा शब्द तिनं यादीत घातला होता आणि त्या एका शब्दानं या म्हाताऱ्याला सोलून काढलं होतं.

"बाई, गोडकान लावा. नियम आहे." पहारेकरी जवळ येत होता.

यंत्र तिच्या चिमटीत होतं. आता काय करायचं ते तिला स्वच्छ दिसलं. ते कानात घालायचं, हसायचं आणि म्हणायचं, असू द्या काका, होतं असं. एवढं पुरे होतं. हा माणूस मरेपर्यंत त्या वाक्यावर भाजत राहिला असता. कुठल्याही शिवीत एवढी धार नव्हती. तिचे ओठ हललेसुद्धा.

पण 'होतं असं' म्हणायचं ते कशाला? बकुळेच्या मरणाला. दहा वेळा न कळता म्हटलं होतं. आता अकराव्यांदा कळून म्हणावं लागलं असतं.

तिनं गोडकान फरशीवर टाकून टाचेखाली चिरडलं.

"माफ केलेलं नाही, काका," ती म्हणाली. "कधीच केलं नव्हतं. करणारही नाही. पुढच्या संक्रांतीला यायचं. साहेबाच्या नावासकट, पहिल्यापासून सगळं सांगायचं. त्याच्या पुढच्या संक्रांतीला पुन्हा. जगाल तितक्या वेळा. मी उघड्या कानानं ऐकणार आहे."

त्रिंबकरावांनी मान डोलावली. बऱ्याच दिवसांनी पाणी मिळालेल्या माणसासारखी.

पहारेकऱ्यानं तिचा दंड धरला. जाईनं डोळे मिटले. वाळू दिसली, वेल दिसले. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि खड्या आवाजात बकुळेच्या ओवीचा जबाब उचलला. सभागृहातल्या लोकांनी क्षणभर तिच्या हातांकडे पाहिलं आणि कौतुकानं माना हलवल्या. त्यांच्या कानांना तिच्या आवाजात गुळाचं काहीतरी ऐकू आलं असावं. तिच्यासमोर उभ्या असलेल्या एकट्या माणसाला मात्र शब्दन् शब्द पोचला:

"ज्यानं नेलं त्यानं सोडलं, माझ्या बकुळीला नेलं."