तेवीस नंबरचा बिल्ला

छायाचित्रात सदतीस बायका होत्या. मी तीनदा मोजल्या. प्रत्येकीच्या गळ्यात पितळी बिल्ला, बिल्ल्यावर आकडा. साल १९२१, मेदान शहराजवळचा तंबाखूचा मळा. मळ्याच्या करारवहीत आकड्यापुढे नाव होतं, पण इंटरनेटवर कितीही शोधलं तरी यांतली एकही सापडत नव्हती. अभिलेखागारातलं तीन दिवसांचं प्रशिक्षण त्यासाठीच होतं. शोधणाऱ्याला सापडेल अशी नोंद कशी लिहायची, ते शिकायचं.

तेवीस नंबरची माझी पणजी. तिचा बिल्ला आमच्या कपाटात आहे. "मी जायच्या आत माझी आई फोनमध्ये दाखव," असं म्बाहने, माझ्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजीने, बजावलं होतं.

मी 'राहायू' लिहिलं. घरात पणजीचं हेच नाव घेतात. शिकवणारे तोगार बांग, म्हणजे तोगारदादा, यांनी ते खोडलं.

"पुरावा?"

"आजी सांगते."

"माझी आजी सांगते मी देखणा आहे. तेही लिहू? वहीत असेल ते घाल."

वहीत होतं सामिंतेन. मी ते घातलं, खाली पानाचा क्रमांक दिला.

संध्याकाळी म्बाहला फोन दाखवला. आईचा चेहरा बघून ती हसली. मग मी नाव वाचलं.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"वहीत होतं."

"पोरी, त्या नावानं ती मरायला टेकली होती. नाव जड झालं होतं तिला. गावाला लाल-पांढरी पेज वाटून ते उतरवलं, राहायू ठेवलं. माझ्या जन्माआधी. त्यानंतर कुणी ते तोंडातून काढलं नाही. पुसून टाक."

मी तेव्हाच पुसलं. तोवर अकरा संकेतस्थळांनी ते उचललं होतं. सकाळी साठ.

म्बाहला मी रोज एका हाताने उठवते. त्या सकाळी उठवेना. गालफडं बसली होती, बांगडी कोपरापर्यंत सरकत होती आणि पलंगाच्या फळ्या करकरत होत्या.

"काय खाऊ घालतेस गं हिला?" म्हणत शेजारच्या सुमीमावशींनी तिच्या खांद्याखाली हात घातला. मग त्या हसायच्या थांबल्या.

आरोग्यकेंद्रातून वजनकाटा आणला. तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवून तपासला. बरोबर होता. गेल्या महिन्यात म्बाहच्या कार्डावर अडतीस किलो होते. आता पन्नास.

तोगार बांगना फोन केला. "सगळीकडून काढा ना ते."

"वेनिंग, कुठून कुठून काढू? सापडावं म्हणूनच तर लिहिलं आपण." त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

मंगळवारी दीडशे ठिकाणी. अडुसष्ट किलो.

बुधवारी तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

गुरुवारी फळी मोडली. गादी जमिनीवर टाकली.

"माझी आई हे ओझं घेऊन तंबाखू कशी तोडायची गं?" तिने विचारलं.

शुक्रवारी चौघांनी धरून तिला काट्यावर बसवलं. त्या वेळी सामिंतेन तीनशे बारा ठिकाणी सापडत होती. वजन शंभर किलो चारशे ग्रॅम.