भय्याजींची थंड गाडी

चौऱ्याऐंशीच्या ज्येष्ठात वडाची पूजा करून मी घरी परतले, तेव्हा आमच्या दारातल्या गॅरेजात भय्याजींची अँबेसिडर उभी होती. भय्याजी म्हणजे पवनीचे राईस मिलवाले. नागपूरहून गाडीत एसी बसवून आणला, आणि ती थंडी कोणी बाहेर घालवू नये म्हणून मागच्या काचांची हँडलंच काढून ठेवली. असा माणूस.

त्याच मागच्या सीटवर चैत्रात त्यांची आई गेली. गोदावरीबाई, अर्धांगानं लुळ्या. मोहाडीच्या तहसिलीत काम होतं म्हणून भय्याजी इंजिन बंद करून त्यांना उन्हात सोडून गेले. परतले तेव्हा संपलं होतं. "म्हातारी जायचीच होती," एवढंच बोलले. व्रतं करणाऱ्या बाईनं कोणाचं वाईट चिंतू नये. मी चिंतत नाही. पण त्यांना पाणी देताना पेल्याकडेच बघते, तोंडाकडे नाही.

त्या दुपारी त्यांची लेक चंद्रकला आमच्या बाजेवर बसली होती, दिवस भरलेली. याच गाडीतून तिला नागपूरला दवाखान्यात न्यायचं होतं.

आमच्या ह्यांनी, तेजरामांनी, एसीच्या पाइपाच्या जोडाला साबणाचा फेस लावून गळती शोधली, जोड आवळला, उरलासुरला गॅस सोडून दिला आणि फेस पुसायला वाकले. ते तसेच थांबले.

फेसाचा फुगा हळूहळू फुगला. बसला. परत फुगला, निजलेल्या माणसाच्या छातीसारखा. आणि वास आला, लसूण जाळलेल्या तेलाचा. गोदावरीबाईंच्या अंगाला चोळायचे, तोच.

"मालक," हे भय्याजींना हळूच म्हणाले, "आत गॅस नाही. तरी हे... श्वास घेऊन राहिलं."

"धंदा येत नसंल तं तसं सांग. साबण लावून म्हशी धूत जा."

मी पुढे झाले. "भाऊजी, पोरीले यष्टीनं न्या."

"वडाभवती फिरून फिरून बायायचं डोकंच भोवंडते," भय्याजी हसले. "पाहा, मी बसतो."

त्यांनी मागच्या सीटवर बसून दार ओढून घेतलं. भारी देह, गाडी मागून दबली. मग ज्येष्ठाच्या त्या उन्हात काचा आतून धुरकटत गेल्या, आणि ते दिसेनासे झाले. चंद्रकलेनं माझं मनगट धरलं.

"काकू... बाबा कोणासंगं बोलून राहिले?"

ह्यांनी धावत जाऊन दार उघडलं. भय्याजी उतरले. ओठ निळे, कपाळावर दव. लेकीचा हात धरून पायीच स्टँडकडे निघाले.

चंद्रकला यष्टीनं भंडाऱ्यापर्यंतच पोचली, तिथल्याच दवाखान्यात बाळंत झाली. मायलेकरं सुखरूप आहेत, देवाची कृपा. गाडी न्यायला मात्र अजून कोणी आलं नाही.

माणूस उतरला की गाडी मागून वर येते. ही भय्याजी उतरले तरी वर आली नाही, अजून दबलेलीच आहे. ह्यांनी खाली शिरून स्प्रिंगचे पाटे तपासले. पाटे चांगले आहेत.