सावकाश होऊ द्या

युसेगावात येऊन एक रात्र उलटली, तरी तोमोए हिरासेच्या अंगाला तिथल्या गरम झऱ्याच्या कुंडाचं पाणी लागलं नव्हतं. काल घाटातल्या वळणांनी तिचं डोकं धरलं आणि ती न जेवताच झोपली. आज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून निघाली, तर दारातच धाकटा भाऊ गेंकिची आडवा आला.

"ताई, काल काय घालवलंस तुला कळणार नाही. जेवण झालं, कुंडात शिरलो, लाकडी काठावर डोकं टेकलं, आणि डुलकीच लागली. टॉवेलला अजून त्या लाकडाचा वास येतोय बघ."

"तो ओला टॉवेल माझ्या नाकाखालून काढ."

तोमोए खासगी गुप्तहेर होती. गेंकिची तिचा मदतनीस, असं निदान तो तरी सगळ्यांना सांगे.

ती चार पावलं गेली नाही तोच अतिथिगृहाच्या मालकीण रित्सुबाई समोरून आल्या. त्यांचे डोळे रडून लाल झाले होते.

"बाई, आमच्या कोनाड्यातला बुद्ध गेला. लाकडी कुंडावरचा. तो पाण्यावर आहे तोवर हे घर विकायचं नाही, असं सासऱ्यांना वचन दिलंय मी. चोर सापडलाय. मूर्ती कुठे ठेवली तेवढं तिच्याकडून काढून द्या. दुपारच्या बसने तिला घालवणार आहे."

"चोर सापडलाय, तर माझी आंघोळ कशाला अडवताय?" तोमोए वैतागून म्हणाली. "कोण चोर?"

"फुमिनो. आमची मोलकरीण."

फुमिनोचे केस याच घरात पिकले होते. मालकीणबाईंचा हिशेब सरळ होता. काल दगडी कुंडावर पुरुषांचा निळा पडदा होता, लाकडी कुंडावर बायकांचा लाल. रोज सकाळी कुंडं धुऊन झाली की पडदे बदलायचे, म्हणजे पाहुण्यांना दोन्ही कुंडं मिळतात. जेवणाआधी त्यांनी स्वतः मूर्तीला हात जोडले होते. पाहुण्यांत बाई एक तोमोएच, ती झोपलेली; त्यानंतर लाल पडद्याआड गेली ती एकटी फुमिनो, रात्री कुंड बंद करायला.

तोमोएने टॉवेल गेंकिचीच्या डोक्यावर फेकला आणि कामाला लागली.

पाहुण्यांत ओनोदेरा नावाचे जुन्या वस्तूंचे व्यापारी होते. "मूर्ती मागितली होती मी, नाही कशाला म्हणू? मालकीणबाईंनी उडवून लावलं. जेवणाआधी आंघोळीला गेलो, तिथल्या दगडाने माकडहाड शेकून निघालं. मग जेवलो आणि आडवा झालो."

मालकीणबाईंचा जावई शोहेई गल्ल्यापाशी होता. "जेवणानंतर मी पुरुषांच्या कुंडातलं पाणी बघायला गेलो. गेंकिचीसाहेब आत होते, त्यांनाच विचारा. 'सावकाश होऊ द्या' म्हटलं आणि निघालो."

"खरंय," गेंकिची म्हणाला. "फार अदबशीर माणूस."

फुमिनो गाठोडं बांधत बसली होती.

"काल कुंड बंद करताना काही वेगळं दिसलं?"

"लाल पडद्याचा बंद पिळलेला होता. मी तसा कधी ठेवत नाही. सरळ केला." ती थांबली. "हे मला कोणी विचारलंच नाही."

तोमोएने डोळे मिटले. मग भावाकडे बघून ती म्हणाली, "तू माणूस आहेस की ओंडका? चल, सगळ्यांना जेवणघरात बोलाव."

सगळे जमले. फुमिनो गाठोडं घेऊन दाराशी बसली.

"गेंकिची, काल डोकं कशावर टेकलंस?"

"लाकडी काठावर. सकाळपासून तेच सांगतोय."

"आणि मी ऐकत नव्हते, ती माझी चूक. ओनोदेरासाहेब जेवणाआधी दगडावर बसले, तू जेवणानंतर लाकडावर डोकं टेकलंस. कुंडं जागची हलत नाहीत. पडदे हलले होते."

"मी निळा पडदा बघूनच गेलो होतो."

"तुझ्यासाठी विहिरीवर निळा पडदा लावला तरी तू आत शिरशील. पण शोहेई, तुम्ही घरचे. तुम्हीच म्हणालात, गेंकिची आत भेटला. म्हणजे तुम्हीही लाकडी कुंडात होतात. भलत्या दारावर निळा पडदा बघून घरचा माणूस बोंब मारेल. ज्याने तो लावला तोच गप्प बसेल."

तोमोए शोहेईसमोर जाऊन बसली.

"लाल पडद्याआड पुरुष दिसला असता तर बोभाटा झाला असता, म्हणून पडदे बदललेत. आत गेलात तर हा डुलक्या घेतोय. आणि सवयीने तोंडातून निघालं, 'सावकाश होऊ द्या'."

"म्हणून मी होऊ दिलं," गेंकिची म्हणाला.

"चोराने स्वतःच पाहुण्याला बसवून ठेवलं. मग हा निघाल्यावर मूर्ती उचललीत, आणि पडदे घाईत परत लावताना बंद पिळला."

शोहेई उठला आणि गल्ल्याखालून फडक्यात गुंडाळलेली मूर्ती घेऊन आला. "आई, छप्पर गळतंय, खोल्या ओस आहेत. विकूया म्हटलं की तुम्ही याच्याकडे बोट दाखवता. फुमिनोवर आळ यावा असं माझ्या मनात नव्हतं."

"आळ आल्यावर तरी तोंड उघडायचंस," मालकीणबाई म्हणाल्या. मग आळ घेणारी आपणच, हे आठवून त्या फुमिनोपुढे वाकल्या. त्यांचं कपाळ चटईला टेकलं. "राहा गं."

"एकदा विचारलं असतंत, मालकीणबाई," फुमिनो म्हणाली. "एकदाच." तिने गाठोडं उचललं.

पाहुण्यांना निरोप देताना बस दिसेनाशी होईपर्यंत दारात वाकून उभं राहायचं, ही या घराची रीत. नोकराला आजवर असा निरोप कोणी दिला नव्हता. त्या दुपारी मालकीणबाई बस वळणाआड गेल्यावरही वाकूनच होत्या. तोमोएला त्यांचा सकाळपासून राग येत होता, आता बघवेना.

कुंडं धुवायची राहिली होती आणि धुवायला कोणी उरलं नव्हतं. मालकीणबाईंनी बाह्या वर खोचल्या, घासणी घेतली आणि टॉवेल खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या तोमोएकडे बघितलं.

"मला फुमिनोसारखं जमायचं नाही. वेळ लागेल, बाई."

"सावकाश होऊ द्या," तोमोए म्हणाली.