हिरवं बटण

मंगळवार, ४ मार्च. दुपारचे दोन वाजून सतरा मिनिटं. भडगाव–पाचोरा रस्त्यावर अभिमनआबांच्या गाडीतल्या पडद्यावर फोन वाजला. नाव आलं, भाविका. आबांनी हिरव्या बटणावर बोट दाबलं. फोन उचलला गेला नाही.

वीस मिनिटांपूर्वीच त्यांनी मुलीला भडगावच्या स्टँडवर सोडलं होतं. ती जळगावला एका लॅबमध्ये कामाला, वय तेवीस. पडदा पुन्हा गाण्यांवर गेला. बसमधून करेल परत, असं समजून आबांनी खिशातला मोबाईल काढलाच नाही. त्या दिवशी भाविका कुठल्याच बसमध्ये चढली नाही. दोन अठरापासून तिचा फोन बंद आहे.

आमच्या पेपरात बातमी मीच दिली होती. एक कॉलम, बारा ओळी.

पडदा भाविकानेच बसवून घेतला होता. गाडी साध्या मॉडेलची, स्टिअरिंगवर बटणं नाहीत. आबांचा मोबाईल पडद्याला तिनेच जोडून दिला. केळीच्या चिकाने आणि चाळीस वर्षांच्या विळ्याने आबांची बोटं काळी, गुळगुळीत झालेली. रेशन दुकानातल्या मशीनवरही त्यांचा अंगठा उमटत नाही. "आबा, घासू नका, नुसतं टेकवा," असं ती म्हणायची आणि शेवटी स्वतःच टेकवायची.

१५ तारखेला आबा ऑफिसात आले. बसले नाहीत.

"तिचा फोन येतो," म्हणाले. "पडद्यावर. पण मला उचलता येत नाही."

मोबाईलवर कॉलची नोंद नव्हती. मोबाईल कंपनीच्या यादीत तिचा शेवटचा कॉल ४ तारखेचाच, न उचललेला. मी आबांबरोबर दोन दुपारी त्या रस्त्यावर फिरलो. काही वाजलं नाही. सुंदरबाई, त्यांच्या पत्नी, शेजारी बसल्या, तेव्हाही नाही. आबा एकटे असले की दोन सतराला वाजायचं. रोज नाही, एक दिवसाआड.

पडदा बसवणाऱ्या गिरधरकडे जळगावला गेलो. त्याने पडद्याला जोडलेल्या सगळ्या मोबाईलच्या नोंदी पुसून टाकल्या, फक्त आबांचा पुन्हा जोडला.

"आबा, ही देवळातली घंटा नाही. केवढ्यानं ठोकता?" म्हणाला. रबरी टोकाची एक काडी दिली. स्टिअरिंगवर बटण बसवून देतो म्हणाला, तर आबा नको म्हणाले. काही बदललं आणि फोन यायचा बंद झाला तर?

काडीने रेडिओ लागायचा, नकाशा उघडायचा. भाविकाचा फोन उचलला जायचा नाही.

मी माझा जुना मोबाईल आरशाखाली चिकटवून रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. १९, २१ आणि २३ मार्चचं चित्रण माझ्याकडे आहे. पडद्यावर नाव येतं. आबांचा मोबाईल मांडीवर, काळा. बोट हिरव्यावर टेकतं, उठतं, टेकतं. २३ तारखेला आबा बोट जिभेवर ओलं करून टेकवतात. अठ्ठावीस सेकंदांनी सगळं थांबतं.

आबांनी केळीचे घड कापणं सोडलं. सुंदरबाई त्यांच्या बोटाला सकाळ-संध्याकाळ साय चोळू लागल्या. शेजारचा पितांबर म्हणाला, "आबा, नवरदेव व्हयनात का?" आबा बोट फडक्यात गुंडाळून बसून राहिले.

मंगळवार, २५ मार्च. दोन सतरा. बोट टेकलं आणि पडद्यावर सेकंद मोजले जाऊ लागले.

"आबा?"

आवाज भाविकाचा होता. आबांनी श्वास घेतला. ते बोलण्याआधीच स्पीकरमधून उत्तर आलं.

"बोल माय."

"बस चुकनी."

"तठेच थांब. मी ई राह्यनू."

चित्रणात आबांचे ओठ मिटलेले आहेत. स्पीकरमधून 'येतोय' म्हणणारा आवाज त्यांचाच आहे.

मग आबा ओरडू लागतात. "भाविका, मी आठे शे. गाडीमां बठू नको. बठू नको."

पलीकडे कुणी ऐकल्यासारखं वाटत नाही. स्टँडवरची गर्दी ऐकू येते. ब्रेक लागतो. दार उघडतं.

"लवकर उनात, आबा," भाविका म्हणते, ते इतक्या लवकर आले याचं नवल वाटल्यासारखी.

दार लागतं.

आबांचा निरोप मिळून मी सुंदरबाईंना घेऊन पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. गाडी रस्त्याच्या कडेला, इंजिन चालू. सुंदरबाईंनी खिडकीतून रेकॉर्डिंग ऐकलं.

"हाऊ तुमनाच आवाज शे," त्या म्हणाल्या. मग एक पाऊल मागे सरकल्या. "तुम्ही गयथात का तठे?"

गेलो नव्हतो, अशी आबांनी मान हलवली. ४ मार्चला दोन सव्वीसला ते पाचोऱ्याच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर एकटे होते. तिथल्या कॅमेऱ्यात दिसतात. पोलिसांनी ते आधीच तपासलं आहे. मी हे सुंदरबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या दिवसापासून त्या माहेरी आहेत.

कॉल तुटलेला नाही. आबा इंजिन बंद करू देत नाहीत. डिझेल कॅनने आणून ओततात. मोबाईल त्यांनी बंद करून पाहिला, तरी सेकंद मोजले जातच आहेत. मी स्वतः तीन तास ऐकलं. पलीकडे धावत्या गाडीच्या टायरांचा आवाज. मधूनच इंडिकेटरची टिकटिक. पुरुषाचा आवाज पुन्हा आलेला नाही.

शुक्रवार, २८ मार्च, सकाळी आठ चाळीस. भाविकाने विचारलं, "आबा, अजून कितलं लांब शे?"

आबा पडद्याला तोंड लावून तिला हाका मारत होते. पलीकडून उत्तर आलं नाही. हे लिहून देईपर्यंत ती गाडी कुठेही थांबलेली नाही.