न उतरणारी पट्टी

शार्शेनची रायफल घोडीने मोडली, यावर वस्तीतल्या कुणाचाच विश्वास बसला नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, मोडली यानेच आणि आळ घातला बिचाऱ्या मुक्या जनावरावर. पण झालं होतं तसंच. त्याने रायफल मेंढवाड्याच्या भिंतीला टेकवली, आडोशाला गेला, आणि नाडी बांधत परत येतो तर घोडीचा खूर नेमका सेफ्टीच्या पट्टीवर. रायफलीच्या उजव्या अंगाला असते ती पोलादी पट्टी. वर केली की बंदूक बंद, खाली केली की चालू, एवढंच तिचं काम. ती कुत्र्याच्या कानासारखी दुमडली होती. बाकी रायफलीला ओरखडासुद्धा नाही.

"घोडीला अक्कल आहे," त्याचा धाकटा भाऊ ताबिल्दी म्हणाला. "तुझ्या हातात बंदूक, म्हणजे लांडगा सोडून सगळ्यांना धोका."

थट्टा ठीक होती, पण दिवस थट्टेचे नव्हते. काशकासू घाटाच्या अलीकडच्या हिवाळी कुरणावर दोघा भावांचा कळप होता आणि एक म्हातारा, लंगडा लांडगा त्यातली मेंढी निवडून निवडून नेत होता, घरचीच असल्यासारखी. ताबिल्दीने सांगून टाकलं होतं, वसंतातल्या नौरुझच्या सणापर्यंत लांडग्याचा निकाल लागला नाही तर तो चालला मॉस्कोला, टॅक्सी चालवायला. वस्तीतली निम्मी तरणी माणसं तिकडेच होती. गेलेला माणूस आधी रोज फोनवर भेटतो, मग सणाला, मग नाही. आई गेल्यावर शार्शेनने या भावाला आपल्या ताटातलं भरवून वाढवलं होतं. मेंढ्या काय, पुन्हा होतात.

म्हणून शार्शेन घाटापलीकडे नारिनच्या लोखंडी बाजारात गेला. सामोवारचे नळ, कुलपं, ट्रॅक्टरची दातेरी चाकं, असल्या पसाऱ्यात त्याला हवी तशी पट्टी मिळाली. विकणारी म्हातारी म्हणाली, "घे, बाळा. ज्या रायफलीची आहे ती कधी कुणाच्या जिवावर उठली नाही." बंदुकीच्या सामानाची अशी तारीफ त्याने पहिल्यांदाच ऐकली.

पट्टी बसली खरी, पण हलायला तयार नाही. शार्शेनने तिच्याखाली स्क्रूड्रायव्हर घालून ती जरा बाहेर वाकवली. खाचेत अडणारा उंचवटा कानशीने घासला. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मेंढीच्या शेपटाची चरबी लावली. घरात पट्टी लोण्यासारखी फिरायला लागली, शार्शेन खूश झाला, आणि संध्याकाळी लांडगा समोर उभा असताना ती जागची हलेना. चरबी थंडीत गोठली, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. मग चरबी पेट्रोलने धुतली. ते पेट्रोल त्याने चुलीजवळ ठेवलं आणि भिवया घालवून बसला. पट्टी घरात पुन्हा लोणी, बाहेर पुन्हा दगड.

शेवटी दोघे भाऊ ओमोरकडे गेले. ओमोर लष्करातून निवृत्त झालेला, आणि डोळे बांधून रायफल उघडतो अशी त्याची ख्याती त्यानेच पसरवलेली. त्याने खरंच डोळे बांधले. एक स्प्रिंग टणकन उडाली आणि घरातली सगळी माणसं गालिच्यावर रांगायला लागली. स्प्रिंग सापडली ओमोरच्या दाढीत. रायफल जोडून त्याने नळी भिंतीकडे केली आणि पट्टी खालीवर, खालीवर करून दाखवली.

"पट्टीला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "तुझी बोटं बदलून आण."

शार्शेन मान खाली घालून घरी आला. त्यानंतरच्या आठवड्यात लांडग्याने गाभण मेंढी नेली. पट्टीवर दोन्ही भावांनी मिळून जोर लावला होता. ताबिल्दीच्या नखातून रक्त आलं. लांडगा मेंढी ओढताना मध्ये थांबून त्यांची झटापट बघत होता.

त्यातली गोम शोधली ताबिल्दीने, नेहमीच्या वात्रटपणातून. रायफल रिकामी करून तो ती एकेका वस्तूवर रोखायला लागला. सामोवारवर धरली, पट्टी सरळ खाली. सरपणावर धरली, खाली. आढ्याला टांगलेल्या मटणावरही खाली. मग दारातल्या कोंबडीवर धरली. पट्टी अडली. कोंबडी निघून गेली, पट्टी सुटली. मेंढ्यावर अडली. भिंतीवरच्या, शार्शेनच्या सासूच्या फोटोवर मात्र सुळकन खाली आली.

"फोटोत तरी सोडा त्या माउलीला," शार्शेनची बायको बुरुल म्हणाली आणि माणसांवर बंदूक रोखायची नाही अशी तिने तंबी दिली, रिकामी असली तरी.

शार्शेन हसला. नळी कलवली की आतला एखादा भाग सरकत असेल, तो म्हणाला. कोंबडी खाली असते, फोटो वर असतो. हिशेब बरोबर होता. ताबिल्दीने तेवढ्यासाठी कोंबडी फडताळावर नेऊन ठेवली. पट्टी अडली ती अडलीच.

दुसऱ्या दिवशी वाड्यात एक मेंढी पडलेली होती. लांडग्याने मानेला धरलेली, पण अजून धुगधुगी होती. ताबिल्दीने तिच्यावर नळी धरली आणि दोघं पट्टीवर ओणवे झाले. हूं की चूं नाही. मेंढीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. दोघांनी पाय रोवले आणि सगळं बळ एकवटून ओढ घेतली.

पट्टी एकदम सुटली. दोघं शेणात आडवे झाले.

शिट्टी थांबलेली होती.

मग ताबिल्दी कपडे झटकत उठला. उद्याच नारिनला जातो आणि दुसरी, कोरी पट्टी आणतो, म्हणाला. ही काढून ओढ्यात टाकू. आभाळ भरलंय, शार्शेन म्हणाला, वर घाटात बर्फ सैल झालंय. ताबिल्दीने त्याच्या जळक्या भिवयांवरून अंगठा फिरवला. थोरल्या भावाला आमच्याकडे बायके म्हणतात.

"बायके, तू सांगशील तेव्हा आभाळ मोकळं असतं का कधी? लांडगा मरू दे. मग मी इथेच आहे. काठीने हाकललंस तरी जाणार नाही."

सकाळी तो आपल्या कुमैत, तांबड्या-काळ्या घोड्यावरून गेला. दुपारनंतर घाटाच्या बाजूने एक लांबलचक आवाज आला, कुणीतरी गालिचा ओढत नेतंय असा. बुरुलने दारातून बघितलं. धुकं होतं.

तो दिवस गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी उजेड उतरताना शार्शेन वाड्यापाशी उभा होता. धुक्यात करड्या रंगाचं काहीतरी हलत होतं. एक पाय ओढत, वाड्याकडे. त्याने रायफल खांद्याला लावली. सवयीने, उपयोग नाही हे माहीत असून, पट्टीवर बोटं टेकवली.

पट्टी खाली आली. आवाजसुद्धा झाला नाही.

त्याला इतका आनंद झाला की त्याने चापावर बोट नेलं.

"गोळी झाडू नको, बायके," धुकं म्हणालं. "चहा ठेव."

ताबिल्दी पायी आला होता. घोडा कुठे, विचारलं तर म्हणाला, खाली राहिला. बुरुलने त्याला चुलीपाशी बसवलं, मिठाचा चहा दिला, वर लोण्याचा गोळा टाकला. तो पीत राहिला. आमच्याकडे पुरे झालं की वाडग्यावर हात ठेवायचा. त्याने ठेवला नाही. बुरुल ओतत राहिली.

शार्शेन समोर बसला होता. रायफल मांडीवर, मॅगझीन काढलेलं. नळी भावाकडे होती. ती तशी मुद्दाम धरली नव्हती, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्याने पट्टी हलवली. खाली. वर. खाली. वर. तेवढ्यात बुरुल भाकरी द्यायला मधून वाकली.

पट्टी अडली.

बुरुल बाजूला झाली. खाली. वर.

"माझ्यावरच, बायके?" ताबिल्दीने विचारलं. तो हसत होता. त्याने कोटातून तेलकट कागदातली कोरी पट्टी काढली, रायफल शार्शेनच्या हातातून घेतली आणि चहा निवायच्या आत जुनी काढून नवी बसवलीसुद्धा. जुनी त्याने बाहेर जाऊन ओढ्यात टाकली. नवी पट्टी चांगली निघाली. कोंबडी असो, फोटो असो, मेंढा असो, सगळ्यांवर सारखीच चालायची. आता तिच्याकडून काही कळण्याची सोय राहिली नाही.

लांडगा एकदाच आला. भरदिवसा येऊन वाड्यासमोर बसला. शार्शेनने रायफल उचलली, आणि शेजारी ताबिल्दी येऊन उभा राहिला. लांडग्याने मेंढ्यांकडे बघितलंच नाही. तो ताबिल्दीकडे बघत होता. मग शेपूट पोटाशी घेऊन लंगडत लंगडत उतरला आणि पुन्हा कधी दिसला नाही.

कळप वाचला. वस्तीवर सगळे म्हणाले, शार्शेनचं नशीब उघडलं. ओमोर म्हणाला, आपण दुरुस्त केलेली रायफल आहे ती. ताबिल्दी वाड्यात शिरला की मेंढ्या पलीकडच्या भिंतीला एकमेकींच्या अंगावर चढतात, हे शार्शेन कुणाला बोलला नाही. चुलीपाशी ठेवलेले त्याचे बूट सकाळी तितकेच ओले असतात, हे बुरुल बोलली नाही. एकदा तिने विचारलं, फोनवर कुणाशी बोलत नाहीस आताशा? तो म्हणाला, आता कुठे जायचंय मला. नौरुझ आलं, गेलं. मॉस्कोचं नाव त्याने काढलं नाही. शार्शेनला हेच तर हवं होतं. तो रात्री भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि शेजारच्या अंथरुणातला ताबिल्दीचा श्वास ऐकायचा प्रयत्न करायचा.

मग घाट मोकळा झाला.

रस्ता साफ करणाऱ्यांचा मुकादम घोड्यावरून आला. बुरुलने त्याला आत घेतलं, चहा दिला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बर्फाच्या लोंढ्याखाली एक माणूस सापडलाय, म्हणाला, तरणा आहे. सोबत घोडा होता. कुमैत, पुढचा एक पाय पांढरा. तोंडाचा चेंदा झालाय, खालच्या वस्तीतलं कुणी ओळखत नाही, म्हणून घरोघर सांगत फिरतोय.

बुरुलच्या हातातला वाडगा भरून वाहायला लागला.

शार्शेनने मान वर केली नाही.

"बिचारा," ताबिल्दी म्हणाला. तो उठून बूट चढवत होता. "कुणी का असेना, मूठभर माती तर टाकायला हवी. चल, बायके."

मुकादम म्हणाला, थांबा, चहा संपवतो आणि जागा दाखवायला येतो.

"तुम्ही बसा निवांत," ताबिल्दी म्हणाला आणि शार्शेनसाठी दार उघडून उभा राहिला. "जागा मला माहीत आहे."