चाफ्याखालची घागर

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांना थापा वाटतात त्यांना वाटू द्या. फक्त कळसाडीजवळच्या त्या जुन्या दगडी शेतघराकडे भर दुपारी एकटे फिरकू नका.

गेल्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

त्या ऐतिहासिक शेतघराची बाग शहाद्याचं हौशी बागमंडळ सांभाळायचं. रोहिणीताई त्यात सगळ्यांच्या पुढे. उन्हाळ्यात झाडं जगावीत म्हणून बुंध्याशी मातीची घागर पुरायची, पाणी भरायचं. ते झिरपत मुळांना मिळतं. आणि ज्याचं झाड, त्याच्या नावाची पाटी.

आखाजीला सुट्टी, बाजारात घागरींचे ढीग. मंडळाने तोच दिवस धरला. ज्याने त्याने आपल्या झाडाशी आपल्या नावाची घागर भरली.

आता आखाजीला घागर कुणाच्या नावाने भरतात, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेलेल्या माणसाच्या. ताई स्वतः सकाळी सासऱ्यांची घागर भरून आली होती. तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही!

"भूपेशभाऊ नाही आले?" अध्यक्ष मदनलालजी हसले. "त्यांच्या नावाचंही एक झाड धरा, वहिनी."

ताईने चाफ्याशी घागर पुरली. नवऱ्याचं नाव घेतलं... आणि पाणी ओतलं.

पुढच्या खेपेला मदनलालजींची घागर कोरडी ठणठणीत.

भोवतालची मातीही कोरडी...

त्याच संध्याकाळी मदनलालजी दुकानात बसल्या जागी गेले. सारखं पाणी मागत होते म्हणे. लोक म्हणाले, ऊन बाधलं.

मग मंडळातल्याच शोभाबाईंची घागर आटली.

मग शोभाबाई.

तेव्हा ताईच्या पायाखालची जमीन सरकली. आपण जित्या माणसांच्या घागरी भरल्या.

ती रिक्षा करून बागेकडे धावली. दुपार तापलेली. पानसुद्धा हलत नव्हतं. एकही पाखरू नाही.

आणि चाफ्याजवळ आवाज...

घट... घट... घट...

कुणीतरी पाणी पीत होतं.

समोर कुणीच नव्हतं. घागरीतलं पाणी डोळ्यांदेखत खाली चाललं होतं. ताईने सोबत आणलेला पाण्याचा कॅन उपडा केला. घागर भरली. आवाज थांबला नाही.

तिने पाटी उपटून फेकली. हात जोडले.

"त्यासले सोडी द्या. मन्हं नाव ल्या."

घट... घट...

मग एकदम शांत. आत डोकावली तर तळ दिसत होता.

घरी भूपेश माठाजवळ बसला होता. सदरा भिजलेला, हातात तांब्या.

"पानी दे वं," तो म्हणाला. "तहान जाईच नही ऱ्हायनी."

ताई तांब्या भरत राहिली. दुसरं काय करणार होती बिचारी? दवाखाना झाला, सलाईन झालं. भूपेश वाचला नाही.

मंडळ मोडलं. बाग वाळून गेली. झाडांना आता कुणी पाणी घालत नाही.

पण ताईच्या स्वतःच्या नावाची घागर...

ती अजून काठोकाठ भरलेली आहे.

ताई रोज दुपारी तिच्याजवळ जाऊन बसते. पाणी कधी उतरतं ते बघत.